दूध सोडू नका, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, मुतखडा झाल्यापासून बाबांनी दूध सोडलंय, दह्याची वाटीही बाजूला सारतात. 'खडा कॅल्शियमचा, मग दूध कशाला?' असं रामबागेतलं कुणीतरी बोललं म्हणे. ऐकल्यापासून चैन पडेना, म्हणून लिहायलाच बसले.

बाबा, तुमचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. ऑक्झलेट पालक, अळू, बीट, बदाम यांत भरपूर असतं. जेवणात दही-ताक असलं की त्यातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दूधदुभतं बंद केलं, तर तेच ऑक्झलेट रक्तातून लघवीत उतरतं आणि तिथे कॅल्शियमशी मिळून खडा धरतं. म्हणून दोन्ही जेवणांत वाटीभर दही हवंच. आई, अळूचं फदफदं केलंस तर त्यांना थोडंच वाढ. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

हात आखडायचा तो मिठावर. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. आणि आपल्याकडे सकाळी पोह्यांवर शेव-जीरावण मसाला, दुपारी वरणभातावर शेव, चहासोबत पुन्हा शेव! इंदूरच्या माणसाला शेव कमी कर म्हणणं किती जिवावर येतं, मला कळतं. मीही त्याच डब्यावर वाढलेय. तरी आई, तो डबा ओट्यावरून वरच्या फळीवर ठेव. पोह्यांवर लिंबू सढळ पिळ. त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. सरबतात मीठ नको, साखरही बेताचीच.

पाण्याचं डॉक्टरांनी सांगितलंच आहे: दिवसाला २ ते २.५ लिटर लघवी व्हायला हवी. मे महिन्यात अर्धं पाणी घामातच जातं, तेव्हा ३ लिटर प्यायलात तरी पुरेलच असं नाही. रात्री उठावं लागतं म्हणून तुम्ही संध्याकाळपासून पाणी तोडता, ते नका करू. रात्रीच लघवी घट्ट होते. एकदा उठलात की अर्धा पेला पिऊन झोपा. आई उशाशी तांब्या भरून ठेवेल.

दिवाळीतली ती पहाट डोळ्यांसमोरून जात नाही. न्हाणीघराच्या चौकटीला धरून ओणवे उभे होतात, बनियन घामाने चिंब, आणि मलाच म्हणत होतात, 'आईला उठवू नकोस.' पुन्हा तशी कळ आली, थंडी वाजून ताप भरला किंवा लघवी अडली, तर उजाडायची वाट पाहू नका. आईला उठवा, लगेच दवाखाना गाठा. मग मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

तुमची,
मनू