टीसी साहेब, तुम्ही थांबलात

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. कौतुक झालं तरी चौकशी लागते, असं बाबांचं मत आहे, आणि एसटीत उभी हयात काढलेल्या माणसाला हे कळत असावं. नेत्रावती एक्सप्रेसचा स्लीपरचा डबा, कंपवाताने हात थरथरणारे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची कटकटी मुलगी, एवढ्यावरून तुम्ही आम्हाला ओळखाल.

आमची ही सहल मुळात रडतखडतच सुरू झाली. एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, "काकांना खालचाच बर्थ, टेन्शन नको." हातात पडला तो अप्पर. फोन केला तर म्हणे, "सिस्टिमने दिला मॅडम." ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंदच आहे, निदान बर्थ तरी खालचा मिळावा की नाही? स्टेशनवर व्हीलचेअर "येतेय, येतेय" म्हणता म्हणता आलीच नाही. समोरच्या बाईंना अदलाबदलीचं विचारलं तर त्यांनी भर दुपारी डोळे मिटून घेतले.

पनवेल गेल्यावर तुम्ही आलात. पुढचं लोकांना सांगायचं म्हणून हे पत्र.

तुम्ही बाबांकडे बघून म्हणालात, "काका, आयडी दाखवता का?" सवयीने माझा हात त्यांच्या खिशाकडे गेला. तुम्ही हळूच म्हणालात, "राहू दे ताई, काका काढतायत की." आणि थांबलात. बाबांचं कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर गुंडाळलेलं. अंगठा रबरावरून घसरत होता. मागून कोणीतरी "साब, मेरा आरएसी देखो" करत होतं, त्याला तुम्ही नुसता हात दाखवलात. शिडीला टेकून उभे राहिलात, घड्याळ बघितलं नाहीत, उसासा टाकला नाहीत. रबर निघालं, कार्ड निघालं, त्याच्यामागे चिकटलेलं एसटीचं जुनं ओळखपत्रही निघालं. "ड्रायव्हर होतात? कुठल्या रूटला?" बाबा म्हणाले, "मुंबई-मालवण. रातराणी."

साहेब, गेली काही वर्षं बाबांशी कोणी बोलतच नाही. सगळे माझ्याशी बोलतात. हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, तर बाबा समोर उभे असताना तिथल्या माणसाने मला विचारलं, "ह्यांना ऐकू येतं का?" दवाखान्यात "पेशंटला भूक लागते का?" असं मलाच विचारतात. हात थरथरला की डोकंही गेलं, असा हिशोब लोकांनी धरलेलाच असतो. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात घाईची मीच असते.

खालच्या बर्थची सोय तुम्ही पुढच्या कंपार्टमेंटमध्ये करून दिलीत, ती कशी केलीत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्याबद्दल आभार आहेतच. पण नंतर खिडकीशी बसलेले बाबा वेगळेच होते. बाहेर सगळं हिरवंगार. रातराणीच्या ड्रायव्हरला कोकण दिसतं ते हेडलाइटमध्ये मावेल तेवढंच. कशेडी आणि परशुराम घाटाची वळणं न् वळणं पाठ, पण डोंगर दिवसा कसा दिसतो ते त्यांनी निवांत बघितलंच नव्हतं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा डेपोत सगळे म्हणाले होते, आता आपले पॅसेंजर पळणार. त्या रागावर बाबा या गाडीत कधी चढले नव्हते!

करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपल्यावर म्हणाले, "इथे आम्ही निवळीच्या घाटात ट्रकच्या मागे रखडलेले असायचो." रत्नागिरीनंतर पानवलचा पूल आला. खाली ६४ मीटर दरी आणि त्यात माडांचे शेंडे. बाबांनी खिडकीचे गज धरले होते, आणि बोलत मात्र होते शेजारच्या पोराशी, त्याला पुलाच्या खांबांबद्दल सांगत होते. तो पोरगाही ऐकत होता, बरं का. तुम्ही "काका" म्हणून बोललात ते डब्याने बघितलं होतं, म्हणून असेल. एक माणूस नीट वागला की बाकीच्यांनाही जरा लाज वाटते, असा माझा अनुभव आहे. उलटंही होतं म्हणा.

मडगावला तुम्ही उतरलात तेव्हा बाबा झोपले होते, म्हणून राम राम राहून गेला. सकाळी केरळात जाग आली. शोरनूरच्या आधी भारतप्पुळा नदी बराच वेळ रुळांच्या सोबतीने चालते, तेव्हा चहा घेताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तुमच्याबद्दल, "गेले काय ते?"

तिरुवनंतपुरमला उतरताना आयडी पुन्हा त्याच पिशवीत घालून, रबर लावून त्यांनी स्वतःच खिशात ठेवलं. मी हात मागे ठेवले होते, पण जमायला वेळ लागतो.

बाबांचा निरोप आहे, तो जसाच्या तसा कळवते. "गाडी झकास आहे. पण इंजिन ड्रायव्हरचं मला काही कौतुक नाही, त्याला स्टेअरिंगच नसतं. टीसी मात्र आमच्या डेपोत शोभला असता." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही.

आपली,
रातराणीवाल्यांची मुलगी