गाओकाओ म्हणजे निव्वळ घोकंपट्टी नव्हे

संपादक महोदय,

चिनी मुलं गाओकाओसाठी, म्हणजे बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेसाठी, इंग्रजी नुसतं घोकतात, असं मराठी लेखांतून वारंवार वाचायला मिळतं. चेंगडूत मी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, म्हणून हा पत्रप्रपंच.

घोकंपट्टी आहेच. सुमारे 3000 शब्द मुलं जेवणाच्या रांगेतही पुटपुटत असतात. पण जूनमधल्या या परीक्षेत इंग्रजीच्या 150 पैकी 50 गुण वाचनाला असतात आणि उतारे सगळे अपरिचित. आपल्या बारावीसारखी ओळखीच्या धड्यांची सोय नाही.

चार उताऱ्यांपैकी पहिला बहुधा माहितीपत्रकासारखा, सोपा. खरा घाम फुटतो तो या चारांनंतरच्या ‘सातातून पाच’ला: उताऱ्यातली पाच वाक्यं गाळलेली, पर्याय सात. परवा एका मुलीने ‘हाउएव्हर’ने सुरू होणारं वाक्य झटकन बसवलं. मागच्या वाक्याला त्यात विरोध कुठे आहे, असं विचारल्यावर गप्प! मग पुढच्या वाक्यातलं ‘दे’ (they) नेमकं कोणाबद्दल, यावर वर्गात चांगलाच वाद रंगला. (बाकीची मुलं खूश, सरावपरीक्षा टळली ना.)

‘आधी प्रश्न वाचा, ठाम शब्दांचा पर्याय खोडा’ असल्या क्लासछाप युक्त्या पहिल्या उताऱ्याला चालतात. संशोधनावरच्या चौथ्या उताऱ्यात साफ आपटतात.

लेख लिहिणाऱ्यांनी एखादी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून पाहावी. आपल्या बारावीची कृतिपत्रिका ठरवणाऱ्यांनीही.

— एक शिक्षिका, चेंगडू (मूळची मिरजेची)