चि. प्राजूस

चि. प्राजू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू रागानं फोन ठेवलास. फोनवर आपलं बोलणं वाढतच जातं, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या सहलीचं पत्रक आईनं कपाटाच्या दारावर चिकटवलंय. सकाळी मयूरेश्वर अभयारण्य, दुपारी भुलेश्वर, मग सासवड आणि शेवटी ‘दिवे घाटातून मस्तानी तलाव, सूर्यास्त’. त्या शेवटच्या ओळीशी मी अडकतो. जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. लोक फोटो काढणार, त्यांना गाडीत बसवेपर्यंत सात वाजणार. म्हणजे सतरा माणसं घेऊन तू अंधारात घाट उतरणार. त्यात रुंदीकरणाचं काम, कडेला खडी.

असो. घाटाचं लिहायचंच नाही असं ठरवलं होतं.

सुप्याचं रान, म्हणजे तुझं ते मयूरेश्वर अभयारण्य, आम्हाला माळच वाटायचं गं. चौफुल्यावरून मोरगावला एसटीची गाडी न्यायचो, पण खिडकीतून कधी नीट पाहिलं नाही. जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या त्या तुकड्यात चिंकारा राहतो, पाण्यावाचून कितीतरी दिवस काढतो, गवतावर घिरट्या घालणारे भोवत्या पक्षी हिवाळ्यापुरते परदेशातून येतात, हे सगळं तू सांगितलंस. गवत हेच तिथलं जंगल, त्यात झाडं लावून ते सुधारत नाही, असं तू नानांना समजावलंस आणि नाना ऐकून घेत राहिले. नाना! मला केवढा अभिमान वाटला. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

भुलेश्वरला देवळाबाहेर उभं राहून फार सांगू नकोस. बाहेरून ते देऊळ किल्लाच वाटतं. पुणं उद्ध्वस्त करणाऱ्या, आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं तिथं दौलतमंगळ किल्ला बांधला, एवढं पुरे. मग लोकांना त्या अंधाऱ्या पायऱ्यांनी वर जाऊ दे. आतलं कोरीव काम अचानक समोर आलं की माणूस आपोआप गप्प होतो. फोडलेल्या मूर्तींपाशी घाई करू नकोस. स्त्रीरूपातला गणपती त्यांचा त्यांना सापडू दे. वयस्कर कुणी असेल तर पायऱ्यांवर हात धर, तिथं दिसत नाही.

सासवडला कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर, संगमेश्वराच्या घाटावर थोडं बसव सगळ्यांना. सोपानकाकांच्या समाधीपाशी पालखीचं सांग. माउलींचा रथ दिवे घाट चढतो तेव्हा जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, हे शहरातल्या पोरांना माहीत नसतं. एवढा तो चढ आहे, प्राजू. आणि चढाला बैल मिळतात, उताराला फक्त ब्रेक.

बघ, आलोच परत तिथं.

तुला आठवतं का, सुट्टीत तू माझ्या केबिनमध्ये बॉनेटवर बसून जेजुरीपर्यंत यायचीस? तलाव दिसला की ओरडायचीस. कंडक्टर डबल बेल द्यायचे आणि तू हात जोडायचीस, देवळातली घंटा समजून. त्याच घाटात एका रात्री माझ्यापुढच्या मालट्रकचे ब्रेक गेले होते. लाइनर जळल्याचा वास वळणावळणावर येत होता. पुढचं मी घरी कधी सांगितलं नाही, आताही सांगत नाही. तुझ्या आईला विचारू नकोस, तिला ठाऊक नाही.

म्हणून ड्रायव्हरला निघण्याआधीच विचार, घाटात गाडी कोणत्या गिअरला उतरवतोस म्हणून. ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा असेल तर दुसरा घे. ब्रेकवर पाय ठेवून बसणाराही नको. त्याला दुपारी पोटभर जेवू दे, पण तासभर झोपूही दे. आणि तू पुढच्या सीटवर बस, लोकांशी बोलत मागे उभी राहू नकोस.

फार झालं, कळतंय मला. तू मोठी आहेस, परक्या माणसांची जबाबदारी घेतेयस. मी अजून बॉनेटवरच्या पोरीशी बोलतो, त्याचा राग धरू नकोस.

सूर्यास्त पत्रकात छापलाय, तो काढ असं म्हणत नाही. पण सासवड पाचलाच सोड. अंजीर आधी घेऊन ठेव, खट्टा बहाराचे, हिवाळ्यातले असतील, त्या बागवाल्या काकू वेळ घेतात. वर लवकर पोहोचलात तर उजेडात तलाव नीट दिसेल आणि सूर्य टेकताच निघता येईल. घाटाखाली वडकीला उतरलात की मला फोन कर. लोक गाडीत असले तरी कर, दोन शब्द बोललीस तरी चालेल.

आई म्हणते, हडपसरच्या आत्यासाठी पण अंजीर आण.

तुझे,
अण्णा