छप्पर आधी, भिंती मागाहून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी उलटली की कोकणात वाडीवाडीत सभामंडपाची, समाजमंदिराची कामे निघतात. आमदार निधी, ग्रामपंचायतीचा हिस्सा आणि मुंबईकरांची वर्गणी असा पैसा जमतो. कामाचा क्रम ठरलेला: जोते, चिऱ्याच्या भिंती, गिलावा, लादी, देणगीदारांची संगमरवरी पाटी आणि उरलेल्या पैशांत पत्रे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले, तेव्हा मंडणगड-दापोलीकडे अशा कितीतरी ठिकाणी पाटी जागेवर राहिली आणि पत्रे शेजारच्या कलमांत जाऊन पडले.

आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांत ख्रिस्ती मिशनची मंडळी नेमका उलटा क्रम लावतात. तिथून घेण्यासारखे काय आणि सोडण्यासारखे काय, एवढ्यासाठीच हे पत्र. धर्मप्रसाराबद्दल ज्याचे मत त्याच्यापाशी. मंगळुरी कौलसुद्धा १८६५ मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनच्याच कारखान्यात तयार झाले. त्याच मिशनची माणसे १८२८ पासून आजच्या घानाच्या किनाऱ्यावर काम करत होती. आपल्या आजोबांनी कौल घेतले, धर्म घेतला नाही.

मॅरानाथा व्हॉलंटियर्स इंटरनॅशनल ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था मोझांबिक, झांबिया, झिंबाब्वे, केनिया अशा देशांत ‘वन-डे चर्च’ नावाचा सांगाडा उभा करते. खांब, कैच्या, पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) आणि पत्रे मापात कापून, भोके पाडून, जस्ताचा मुलामा देऊन ट्रकने येतात. जागेवर फक्त बोल्ट आवळायचे. चारदोन जाणती माणसे आणि गावचे हात असले की दिवसभरात छप्पर उभे राहते. भिंती गावाने आपल्या सवडीने बांधायच्या, कच्च्या विटेच्या, भाजक्या विटेच्या, दगडाच्या, जे मिळेल त्याच्या. अशाच सांगाड्यात शाळेचे वर्गही भरतात.

छप्पर आधी का, ते आपल्याला समजायला हवे. कच्च्या विटेची भिंत उघड्यावर बांधली तर एका पावसात तिचा चिखल होतो, वरती वळचण असली तर तीच भिंत वर्षानुवर्षे उभी राहते. गवंडी सावलीत काम करतो, विटा सावलीत मुरतात, पैसा संपून काम थांबले तरी बसायला जागा झालेली असते. भिंत चुकली तर गावातच दुरुस्त होते. छप्पर चुकले तर माणसे मरतात, म्हणून बाहेरचा पैसा आणि बाहेरचे कसब तिथे घालायचे. आमच्या मते या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे.

आता आपल्याकडचा हिशेब. ४० फूट बाय ३० फुटांचा मंडप धरा, म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५५ किलो भरतो. उतरत्या छपरावरून वारा जाताना तो दाबत नाही, वर ओढतो. म्हणजे सगळ्या छपराला सहा टनांची ओढ. दारातून वारा आत भरला आणि पलीकडे बाहेर पडायला वाट नसली, तर त्याहूनही जास्त. जुन्या कौलारू छपराचे वजन कौल, रीप, वासे धरून चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास असे आणि फटींमधून हवा सुटत असे. त्यामुळे कौले उडाली तरी आढे सहसा जागचे हलत नसे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम ५ किलो. कौले उतरवून पत्रे घातले की छपराचे वजन गेले, ओढ तेवढीच राहिली. हे वजन आता बोल्टने आणि खांबांच्या पायाने भरून काढायचे असते, ते कोणी काढत नाही. मग पत्र्यावर चिरे ठेवतात! चौरस मीटरला दोन चिरे ठेवल्याशिवाय हिशेब जुळत नाही आणि तेवढे ओझे त्या पातळ पत्र्याला पेलत नाही. शिवाय वादळात तो चिरा कोणाच्या डोक्यात बसेल हे सांगता येत नाही.

आठ खांबांचा मंडप असेल, तर छपराचे स्वतःचे दीड-दोन टन वजा केले तरी दर खांबाला अर्ध्या टनाहून जास्त ओढ बसते, कोपऱ्यांवर त्याहून अधिक. दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल खड्ड्यातल्या काँक्रीटचे वजन सुमारे ८०० किलो होते. कोपऱ्यांना याहून मोठा खड्डा घ्या. कातळ लागला म्हणून फूटभर खोदून थांबू नका. कातळात भोके पाडून सळ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मालाने, बसवा आणि त्यांना काँक्रीट बांधा. खांबाच्या तळपट्टीचे अँकर बोल्ट काँक्रीट ओले असतानाच साच्याने बसवायचे. वाळल्यावर भोक पाडून ठोकलेला बोल्ट पहिल्या वादळात हातात येतो.

समुद्रकाठी याहून मोठा शत्रू गंज. इथला फॅब्रिकेटर पाइप आणतो आणि जागेवर वेल्डिंग करतो. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमका सांध्यावरचा जस्ताचा थर जळतो, त्यावर ब्रशने लाल ऑक्साइड फासतात, आणि तीन-चार पावसाळ्यांनी सगळा सांगाडा धड असताना सांध्याचाच भुगा होतो. बंद पाइप आतून गंजतो, तो तर दिसतही नाही. बोल्टचा सांगाडा इथेच सरस ठरतो. सगळे कापणे, भोके पाडणे आधी होते, मग तुकडे वितळलेल्या जस्तात बुडवले जातात, जागेवर ठिणगी पडतच नाही.

पत्रा घेताना दुकानदार ‘चांगला माल’ एवढेच सांगतो. जाडी आणि जस्ताचा थर किती, ते विचारा. जाडी अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि थर जस्ताचा असेल तर चौरस मीटरला २७५ ग्रॅमचा मागा, १२० ग्रॅमचा खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. स्क्रूही त्याच दर्जाचे हवेत. पत्रा शाबूत आणि स्क्रूचे डोके गंजून गेलेले, असे किनाऱ्यावर जागोजाग दिसते. स्क्रू नेहमी नळीच्या, म्हणजे पत्र्याच्या उंचवट्याच्या, माथ्यावर, खोबणीत नाही. आढ्याला, वळचणीला आणि कडेच्या पाखीला दर नळीला एक, मध्ये एक सोडून एक. वारा कडेचे आणि कोपऱ्याचे पत्रे आधी उचलतो, म्हणून तिथे हात आखडता घेऊ नये. हूक बोल्टचा नट फार आवळला की माथा दबतो, तिथे पाणी साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो. वॉशर किंचित दबला की थांबायचे.

मिशनच्या कामात खोटही आहे. गावाच्या सवडीवर सोडलेल्या भिंती काही ठिकाणी वर्षानुवर्षे होतच नाहीत, नुसता सांगाडा उभा राहतो. दुरून येणाऱ्या स्वयंसेवकांच्या विमानभाड्यात गावच्या गवंड्याची कित्येक महिन्यांची मजुरी निघाली असती, ही टीका रास्त आहे. आणि किटमधला एखादा खास मापाचा बोल्ट हरवला की तो तालुक्याच्या गावी मिळत नाही. आपल्याकडे असे सांगाडे करायचे ठरवले तर बोल्ट बाजारात सहज मिळणाऱ्या दोन मापांचेच ठेवावेत, एक खांब-कैचीसाठी आणि एक पर्लिनसाठी. पत्र्याखाली आषाढसरीत प्रवचन ऐकू येत नाही, हे दुखणे तिथलेही आणि इथलेही. पत्र्याखाली हातभर जागा सोडून बांबूची चटई किंवा झाप लावले तर आवाज आणि ऊन दोन्ही कमी होते. मात्र दर दोन-तीन वर्षांनी ते बदलावे लागतात, हे मान्य करूनच लावावेत.

भिंतींसाठी तिकडे मातीच्या दाबविटा करतात. तिथल्या तांबड्या मातीला पूर्व आफ्रिकेत ‘मरम’ म्हणतात, इथल्या माणसांबरोबर बोटीने गेलेला आपला मुरूमच असावा. मातीत वजनाने पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून हातयंत्रात दाबतात. सिन्वा-रॅम नावाचे असे यंत्र १९५० च्या दशकात कोलंबियात तयार झाले. पाणी किती, याची परीक्षा सोपी आहे. मिश्रणाचा मुठीत गोळा करून खांद्याच्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडायचा. चार-पाच ढेकळे झाली तर ठीक, नुसता चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. कालवलेले मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात संपवायचे, कारण सिमेंट धरू लागले की वीट दाबली तरी मुरत नाही. पहिला आठवडा प्लास्टिकखाली झाकून ओली ठेवायची आणि २८ दिवसांआधी भिंतीला लावायची नाही. घाईने चौथ्या दिवशी लावलेल्या विटांची कड बोटाने खरवडली तरी झडते. ५० किलोच्या एका पोत्यात नऊ बाय साडेपाच इंचांसारख्या मापाच्या शंभराच्या आसपास विटा निघतात. कोकणात चिरा असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण यंत्राने चिरे कापताना खाणीत जी भुकटी पडते तिचे ढीग आपण नुसते ओढ्याकडे ढकलतो. त्या भुकटीच्या विटा करून पाहायला हरकत नाही. त्यासाठी आय.एस. १७२५ हे भारतीय मानकही आहे.

भिंत चिऱ्याचीच करायची तर कंबरेएवढी करावी आणि वर जाळी ठेवावी. समोरासमोर दोन्ही बाजूंना उघडे असले तर आत शिरलेला वारा पलीकडून निघून जातो, छपराला खांदा देत नाही. चिरा लावण्याआधी चांगला भिजवायला हवा. कोरडा चिरा मालातले पाणी शोषतो आणि सांधा वाळूसारखा सुटतो, हे गवंड्यांना ठाऊक असते, उक्त्या कामात विसरले जाते.

आमची मागणी एवढीच. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या मंडपाच्या अंदाजपत्रकात छप्पर, त्याची जोडणी आणि खांबाचा पाया यांचे मोजमाप वेगळे लिहावे, पत्र्याची जाडी आणि जस्ताचा थर आकड्यांत असावा, आणि बिल देण्याआधी कडेचे स्क्रू कोणीतरी मोजावेत. तालुक्याला एकच नमुना नकाशा असला तर वाडीला दरवेळी नवा इंजिनिअर शोधावा लागणार नाही. निधी अपुरा असेल, तर यंदा पाया आणि छप्पर करावे, भिंती पुढच्या दिवाळीनंतर. पाटीला तर घाई अजिबात नाही. आणि जे मंडप उभे आहेत, त्यांच्या आढ्याचे आणि वळचणीचे स्क्रू मिरगाच्या आधी शिडी लावून एकदा हाताने तपासावेत. हलणारा किंवा डोके गंजलेला स्क्रू काढून त्याच भोकात एक माप जाड स्क्रू आणि नवा रबरी वॉशर बसवावा. हे काम दोन माणसांचे, एका दिवसाचे आहे.

आपले,
बांधकाम व्यवसायातील काही वाचक,
रत्नागिरी जिल्हा