समेचा पत्ता नाही

प्रिय सुध्या,

चार महिने ना पत्र, ना फोन. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. मी बरा आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो.

ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणंही. पाय सावरतोय, शब्द अडतात. एवढं सगळ्यांना सांगून झालंय. पुढचं फक्त तुला.

झटक्याच्या पंधरा दिवस आधी ती म्हणाली, छातीत धडधडतंय. मी मनगट धरलं. दोन ठोके लगोलग, एक गायब, मग एकदम घाई. मी म्हटलं, "ताई, तुझा तबलजी पिऊन बसलाय, समच सापडेना!" ती खो खो हसली. मीही. तू असतास तर मात्रा मोजत बसला असतास. झपतालात मी अकरावी मात्रा घुसवली म्हणून महिनाभर अबोला धरला होतास ना? घे, आज कबूल करतो, मोजण्यात मी कच्चाच.

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते म्हणे. एट्रियल फिब्रिलेशन. तिथे रक्त साकळतं, गुठळी होते, ती सुटली आणि मेंदूत जाऊन अडकली. यामागे थायरॉईडची गोळीही असावी: डोस नऊ वर्षं तोच, तो आता जास्त होत होता. वजन उतरत होतं आणि आम्ही "छान बारीक झालीस" म्हणत होतो!

खरी बोच वेगळीच आहे. आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये सापडला. टीएसएच 0.05, शेजारी खाली तोंड केलेला बाण. हवं साधारण 0.4 ते 4. तेव्हा तो वाचून मीच तिला दटावलं होतं, "थायरॉईड कमी आहे, गोळी एक दिवसही चुकवू नकोस." अरे, टीएसएच हा डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. रक्तात थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की ती हुकूम सोडणंच थांबवते. आकडा कमी म्हणजे थायरॉईड जास्त. मी उलटं वाचलं. आणि म्हणे इंजिनिअर!

डॉक्टर समजूत घालतात, वय आहे, रक्तदाब आहे, सगळं खापर गोळीवर फोडू नका. पण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा 1994 चा अभ्यासही त्यांनीच सांगितला: साठीपुढच्या माणसांत टीएसएच 0.1 किंवा त्याखाली असेल, तर दहा वर्षांत ही थरथर सुरू होण्याचा धोका तिपटीच्या घरात. आता डोस उतरवलाय, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. रोज सकाळी मी घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर तिची नाडी मोजतो.

नात झाल्याचं कळलं, अभिनंदन. नाव काय ठेवलंत? वहिनींचीही थायरॉईडची गोळी आहे ना? शेवटची तपासणी कधीची ते बघ. घाबरून गोळी मात्र बंद करू नका. हार्मोन कमी पडलं की कोलेस्टेरॉल चढतं, रक्तवाहिन्यांना तेही वाईटच.

एकदा येऊन जा. ताई बोलताना अडली तर मध्येच शब्द पुरवू नकोस. मी पुरवतो आणि ती डाव्या हाताने चापट मारते.

तुझा,
बंड्या