कानोसानंतरची आठ वर्षे

महोदय,

धर्मसत्ता आणि राजसत्ता यांची फारकत ही थेट अठराव्या शतकातल्या विचारवंतांची देणगी, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पोप गेलासियस यांनी ४९४ मध्येच पूर्व रोमन सम्राट अनास्तासियसला कळवले होते की, जगाचा कारभार दोन सत्तांवर चालतो. लौकिक कायदा धर्मगुरूंनी पाळावा, धार्मिक बाबतीत सम्राटाने धर्मगुरूंपुढे मान तुकवावी. कागदावर हे सोपे होते. पण बिशप जहागीरदारही असेल, तर त्याची नेमणूक कोणी करायची?

त्यावरूनच पोप सातवा ग्रेगरी आणि जर्मनीचा राजा चौथा हेन्री यांची जुंपली. १०७७ च्या जानेवारीत इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्याबाहेर, पोपने बहिष्कृत केलेला हेन्री तीन दिवस क्षमेसाठी तिष्ठत राहिला, एवढेच बहुतेकांना आठवते. पुढे १०८४ मध्ये त्याच हेन्रीने रोम घेतले आणि ग्रेगरी १०८५ मध्ये सालेर्नोत परागंदा अवस्थेत वारले, हे मात्र कोणी सांगत नाही! पोप व सम्राट यांच्यातल्या ११२२ च्या वर्म्स करारात बिशपच्या धार्मिक पदाची चिन्हे, म्हणजे अंगठी व धर्मदंड, देण्याचा अधिकार चर्चकडे, जहागिरीचा राजदंड सम्राटाकडे अशी वाटणी झाली. फारकतीचा इतिहास लिहिताना या भांडणापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

— एक वाचक, सातारा