‘इतर’ या रकान्यातली गोधडी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय: कापड, धागा आणि मिश्र माध्यमांतल्या कलाकृतींना राज्याच्या प्रदर्शनांत व संग्रहालयांत जागा मिळण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

मी इचलकरंजीची. शाळेत चित्रकला शिकवते. वडील यंत्रमागावर होते, आई घरात कांड्या भरायची. आमच्या गावात पहिला यंत्रमाग 1904 साली आला आणि तेव्हापासून गावाला शांतता अशी नाहीच. आम्हाला झोप लागते ती मागांच्या खडखडाटात. वीज गेली आणि माग थांबले की दचकून जाग येते. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की कापडाकडे मी हौसेने वळले नाही. घरात हाताशी दुसरं काही नव्हतंच.

काही वर्षांपूर्वी मी एक काम केलं. सात फूट बाय पाच फूट. आईची चार जुनी लुगडी, मागावरून उतरलेल्या चिंध्या, मागाच्या दोन मोडक्या फण्यांच्या पट्ट्या आणि वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स मलमलीवर उतरवलेल्या. हे सगळं गोधडीच्या धावदोऱ्याने एकत्र धरलेलं. ते करायला दोन वर्षं गेली, कारण शाळा सुटल्यावर आणि स्वयंपाक आवरल्यावर जेवढा वेळ उरतो तेवढाच माझा.

एका प्रदर्शनासाठी ते घेऊन गेले. अर्जावर ‘माध्यम’ असा रकाना होता. तैलरंग, जलरंग, ॲक्रिलिक, आणि शेवटी ‘इतर’. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी गुंडाळी थोडी उलगडून बघितली आणि म्हणाले, “मॅडम, हे हस्तकलेत बसतं. बचत गटांचं प्रदर्शन दिवाळीच्या आधी असतं, तिथे द्या.” मी हट्ट धरला. त्यांनी ‘इतर’वर खूण केली. काम निवडलं गेलं, भिंतीवर लागलं, लोकांनी पाहिलं. तीन महिन्यांनी ते परत आलं तेव्हा त्याच्या आठ घड्या घातलेल्या होत्या आणि वर सुतळी बांधलेली होती. घडीच्या रेषेवर झेरॉक्सची शाई तडकली होती आणि एका कोपऱ्यात बुरशीचा डाग होता.

कुठल्या कचेरीत हे झालं ते मी लिहिणार नाही. खिडकीपलीकडच्या त्या गृहस्थांवर माझा राग नाही आणि ज्याने घड्या घातल्या त्याच्यावर तर मुळीच नाही. त्याने बिचाऱ्याने नीटच घातल्या होत्या, काठाला काठ जुळवून. कापड दिसलं की आपले हात आपोआप घडी घालतात, माझ्या आईचेही घालायचे. कॅनव्हासची घडी मात्र कोणी घालत नाही, कारण ते ‘चित्र’ आहे हे हातांना माहीत असतं. रकान्यात काय लिहिलंय यावर हात कसे वागणार ते ठरतं, म्हणून हे पत्र रकान्याबद्दल आहे.

साहेब, यात नवलाची गोष्ट ही की कापड आणि आधुनिक कला यांची गाठ देशात जिथे पडली, त्यात मुंबई अगदी पुढे होती. 1950च्या दशकात हातमाग आणि हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकरांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रं, म्हणजे हातमागाला नवे नमुने देणारी सरकारी केंद्रं, सुरू झाली आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या दिल्या गेल्या. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन 1959 ते 61 मुंबईत हातमाग मंडळाचं डिझाइनचं काम बघत होते. आपल्या नागावचे प्रभाकर बरवे 1961 साली विणकर सेवा केंद्राच्या नोकरीवर बनारसला गेले, नंतर मुंबईच्या केंद्रात आले आणि त्यांच्या उमेदीची वर्षं तिथेच गेली. बरवे आज मराठी चित्रकलेतलं मोठं नाव आहे, पण त्यांचा महिन्याचा पगार विणकरांच्या कामातून येत होता हे आमच्या कलाशिक्षकांच्या शिबिरांत मी कधी ऐकलं नाही.

विणकामातून कलाकृती करणाऱ्या मोनिका कोरिया मुंबईच्याच. विणकर सेवा केंद्रात त्या माग शिकल्या आणि पुढे त्यांनी एक अचाट गोष्ट केली: मागाची फणीच काढून टाकली. आमच्यासारख्या मागवाल्यांच्या घरात हे सांगितलं तर लोक हसतील. फणी म्हणजे मागाची शिस्त. ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा तिच्यातून जातो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, तीच ठोकून बसवते. ती काढली की उभे धागे मोकळे सुटतात आणि वाटेल तसे वळतात. कोरियांच्या विणकामात झाडं, पाणी आणि अंधार दिसतात ते या सुटलेल्या धाग्यांतून. मी वडिलांना त्यांच्या कामाचे फोटो दाखवले होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, “हे आमच्याकडं झालं असतं तर मालकानं दिवसाचा पगार कापला असता.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात चांगली कलासमीक्षा.

आणि मृणालिनी मुखर्जी. 1949 साली मुंबईत जन्मलेल्या, बडोद्यात सुब्रमण्यनांच्या हाताखाली शिकलेल्या. माग नाही, सुई नाही. सणाच्या जाड दोरीला हाताने गाठी मारत मारत त्यांनी माणसाहून उंच मूर्ती उभ्या केल्या. 2015 साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. 2022च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतल्या त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यात, त्यांच्या दोरीच्या मूर्ती मुख्य प्रदर्शनात होत्या. आमच्याकडे वेठण आणि कासरा वळणारी जी म्हातारी माणसं आहेत, त्यांना त्या मूर्तीसमोर उभं करून काय वाटतं ते मला विचारायचंय. पण त्यासाठी मूर्ती कोल्हापूरपर्यंत यायला हवी.

आजचीही नावं आहेत. रीना कल्लाट यांनी 2013 साली भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर एक भलंमोठं कोळ्याचं जाळं टांगलं होतं. ते बनलं होतं रबरी शिक्क्यांचं आणि शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची जुनी, आता बदललेली नावं होती. सरकारी कचेरीतला शिक्का घेऊन विणलेलं जाळं! (मंत्रालयात ही कल्पना कितपत रुचेल कोण जाणे.) शकुंतला कुलकर्णी यांनी वेत विणून बाईच्या अंगावर चढणारी चिलखतं केली, रक्षणही करणारी आणि पिंजराही होणारी. फेब्रुवारी 2024मध्ये पॅरिसला डिऑर या बड्या फ्रेंच कंपनीच्या फॅशन शोमध्ये ती मधोमध उभी होती. ती तिथे पोचली याचा आनंद आहे. पण माझ्या सातवीतल्या मुलींनी वेताचं चिलखत पाहायचं कुठे?

आता आपल्या कारभाराकडे येते. कापड वस्त्रोद्योग खात्याकडे. कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे. राज्याची वस्तुसंग्रहालयं तुमच्याकडे. मी धाग्याने चित्र काढते, म्हणजे मी नेमकी कोणाकडे? वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, खण आणि घोंगडी यांची काळजी घेतलेली आहे आणि ती घ्यायलाच हवी. पण ते विणकराच्या पोटापाण्याचं धोरण आहे. त्यात घोंगडीचा मीटर आहे, नग आहे. घोंगडी विणणाऱ्या सनगराने चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी एखाद्या चित्रकार मुलीने फाडून, तिच्यावर तांब्याची तार शिवून भिंतीवर लावली, तर ती त्या धोरणातून बाहेर पडते आणि तुमच्या खात्यात शिरत नाही.

हा घोळ फक्त आपलाच आहे असंही नाही. आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात चित्रं आणि शिल्पं 97व्या प्रकरणात येतात, हाताने विणलेली टेपेस्ट्री मात्र 58व्या प्रकरणात, लेस आणि झालरींच्या शेजारी. जगाचा हिशोबनीसही खिडकीपलीकडच्या त्या गृहस्थांसारखाच विचार करतो. तो बदलणं तुमच्या हातात नाही. राज्याच्या प्रदर्शनाचा अर्ज बदलणं मात्र, उच्च शिक्षणमंत्र्यांशी एकदा बोललात तर, एका बैठकीचं काम आहे. ‘वस्त्र व धागा’ असा एक स्वतंत्र विभाग आणि त्याखाली चार ओळी मोकळ्या, ज्यात कलाकाराने काय काय वापरलं ते लिहावं. ‘मिश्र माध्यम’ हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही. मिसळीला ‘मिश्र पदार्थ’ म्हटलं तर कळेल का काही? मटकी कुठली, कट कसला, ते लिहायला हवं. जपणूक करणाऱ्यालाही त्याचीच गरज असते, कारण लोकर, सूत, लोखंडी तार आणि झेरॉक्सची शाई या चौघांचे शत्रू वेगवेगळे असतात.

जपणुकीचं थोडं सविस्तर सांगते, कारण खरी गरज तिथे आहे. कापड उजेडाने मरतं. संग्रहालयात कापडावरचा प्रकाश 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर जाऊ नये असा जगभर संकेत आहे. आपल्याकडे उद्घाटनाच्या दिवशी फोटोसाठी जे हॅलोजन लावतात, त्यांचा विचार करा. दमटपणाने बुरशी येते. लोकरीला आणि रेशमाला कसर लागते. तैलचित्राला एकदा वार्निश केलं की पुष्कळ वर्षं निभतं, कापडाचं तसं नसतं; ते सपाट ठेवायचं किंवा जाड नळीवर मध्ये कागद घालून गुंडाळायचं, ठरावीक काळाने उघडून बघायचं. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. एक कोरडी खोली, दमट हवा मोजायचं यंत्र, नळ्या, आम्लरहित कागद आणि शिकलेली दोन माणसं. नागपूरचा अजबबंगला, औंधचं भवानी संग्रहालय, कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय ही राज्याची आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी ही खोली करा. माझा स्वार्थ उघड आहे, मी कोल्हापूरचं नाव घेणार. इचलकरंजीहून एसटीने तासाभरात पोचता येतं. औंधला झालं तरी मी भांडणार नाही.

शाळेचंही सांगते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना माझ्या मुली दरवर्षी बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. संकल्पचित्रात त्या साडीच्या काठाची नक्षी पोस्टर कलरने रंगवतात. ज्या मुलीच्या घरात खरा काठ विणला जातो, ती तो कागदावर रंगवून ‘बी’ ग्रेड घेते. सुई-दोऱ्याला या परीक्षेत प्रवेश नाही. हेही तुमच्या खात्यातलं नाही, ठाऊक आहे मला. पण सांगायचं कुणाला?

एक गोष्ट मात्र सांभाळून करावी लागेल. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीझ बेंड नावाचं एक नदीकाठचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, थंडीपायी. 2002 साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि लोक वेडे झाले. 2006 साली तर टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. मग पैशांवरून खटले उभे राहिले, कारण गोधडीची प्रसिद्धी जेवढी वाढली तेवढा हिस्सा आपल्यापर्यंत आला नाही असं काही बायकांचं म्हणणं होतं. आपल्याकडेही हेच होऊ शकतं. मार्च 2023मध्ये गेटवे ऑफ इंडियावर डिऑरच्या शोसाठी भरतकामाचं जे प्रचंड तोरण लागलं, ते मुंबईच्याच कारागिरांच्या हातचं होतं. ते तोरण सगळ्यांनी पाहिलं. त्यावर टाके घालणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का? म्हणून राज्य जेव्हा अशी कलाकृती विकत घेईल किंवा मांडेल, तेव्हा खालच्या पाटीवर चित्रकाराच्या नावाबरोबर विणणाऱ्याचं, रंगवणाऱ्याचं, टाके घालणारीचंही नाव असू द्या. माझ्या त्या कामात कोपऱ्यांचे टाके शेजारच्या काकूंचे आहेत. माझे तितके सरळ येत नाहीत. अर्जावर त्यांचं नाव लिहायलाही जागा नव्हती.

मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय होणार, असं महापालिकेकडून कित्येक वर्षं ऐकतोय. ते झालं की तिथे जुने माग, बॉबिन, भोंगा आणि 1982च्या संपाचे फोटो असतील, असायलाच हवेत. पण गिरणगावच्या नातवंडांनी आज त्याच कापडातून जे केलंय तेही तिथे असावं, हे तुम्ही महापालिकेच्या कानावर घाला. नाहीतर कापड म्हणजे संपलेली गोष्ट, असंच तिथून बाहेर पडणाऱ्याला वाटेल. आमच्याकडे अजून रात्रपाळी चालू आहे.

माझं ते काम सध्या घरी आहे. प्लंबरकडून सहा इंची पीव्हीसी पाइप आणला, त्यावर पांढरी मलमल चढवली आणि त्याच्याभोवती ते गुंडाळून ठेवलंय. काम पाच फूट रुंद आणि पाइप त्याहून लांब, त्यामुळे तो कपाटात मावत नाही; माळ्यावर आडवा टाकलाय. बुरशीचा डाग निघालेला नाही, मी तो धुतलाही नाही, शाई जाईल म्हणून. जूनमध्ये आमचा माळा गळतो. त्याआधी कुठल्यातरी कोरड्या खोलीचा पत्ता कळवलात, तर मी स्वतः पाइप घेऊन येईन.

आपली नम्र,
इचलकरंजीतली एक चित्रकला शिक्षिका